डस्टी लार्किनच्या सिनेमात ओपल

हॉलिवूड
११ मार्च १९५७

प्रिय ताई,

उभी असशील तर आधी बस, मग पुढे वाच. मला सिनेमात घेतलं! आणि कुठल्यातरी रडक्या सिनेमात नाही, डस्टी लार्किनच्या! हो गं, तोच. ज्याचं गाणं रेडिओवर लागलं की तुमच्या पार्लरमधल्या बायका ड्रायरखालून ओली डोकी बाहेर काढतात, तो.

निवडीला इतक्या मुली आल्या होत्या की रांग स्टुडिओच्या भिंतीला वळसा घालून पार पलीकडे गेली होती. सगळ्या एकजात सुंदर. मला वाटलं, गाशा गुंडाळावा आणि डनमोरला परत यावं. पण नाच बसवणारे मिस्टर एबल्सन म्हणून आहेत, बुटके, टकले, दिवसभर खोकल्याच्या गोळ्या चघळतात, त्यांनी माझा नाच बघितला आणि म्हणाले, "ही कुठून आली?" मी म्हटलं, "आर्कान्सामधून." ते म्हणाले, "तिथे शिकवतं कोण असं नाचायला?" मग त्यांनी मला सिनेमाच्या नायिकेशेजारी, म्हणजे खुद्द डॉरिन फेशेजारी उभं केलं, पुढून बघितलं, मागून बघितलं आणि म्हणाले, "झालं, हीच."

माझं काम मागे घोळक्यात नाचणाऱ्या मुलींसारखं नाही. वेगळं आहे. जास्त सांगता येत नाही, तशी सही करून दिली आहे. पण इतकं सांगते की डस्टी जिथे नाचणार तिथे मी असणार.

आईला सांग. तिच्या कमरेला आराम आहे का? आणि सगळ्यांना सांग, पण आपण होऊन सांगतेयस असं दाखवू नकोस.

तुझी,
ओपल

•

डनमोर, आर्कान्सा
२४ मार्च १९५७

प्रिय ओपल,

सगळ्यांना सांगायची मला गरजच पडली नाही. तुझं पत्र आईने वाचलं आणि कंबर विसरून चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली. आता गावात बाळंही जन्मताच तुझं नाव घेतात.

अभिनंदन. खरंच. एक विचारू? मिस्टर एबल्सननी "शिकवतं कोण" म्हणून विचारलं, तेव्हा तू काय उत्तर दिलंस? पत्रात ते लिहायचं राहिलेलं दिसतंय. स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला लावून तुला दोन्ही हातांनी धरून गिरक्या कुणी शिकवल्या, ते हॉलिवूडच्या हवेत विसरायला होत असेल. मी आठवण करून देते. मी. आणि शाळेच्या व्यायामशाळेत नाचाची स्पर्धा झाली होती, तेव्हा पहिली आले होते तीही मीच. तू तेव्हा पायात पाय अडकून ढोलवाल्याच्या अंगावर पडली होतीस.

असो. बाबा गेल्यावर दोघींपैकी एकीने आईजवळ राहायचंच होतं. तू धाकटी, त्यामुळे तुला बसमध्ये बसवून दिलं, आणि मी बायकांचे केस धुतेय. तक्रार नाही. नुसतं सांगतेय.

हो, एक राहिलं. शनिवारी होबार्ट स्टाइल्सने मला सिनेमाला नेलं होतं. त्याच्या बापाने आता मोटारींचं दुकान त्याच्याकडेच सोपवलंय. निळ्या नव्या गाडीतून आला. तुझी आणि त्याची गोष्ट संपून आता बराच काळ झाला, म्हणून तुला काही वाटणार नाही असं धरून चालते.

तुझी,
नदीन

•

हॉलिवूड
९ एप्रिल १९५७

प्रिय ताई,

मला काय वाटायचंय? छे. होबार्ट चांगला मुलगा आहे. गाडी चालवताना अजून नाकातल्या नाकात गुणगुणतो का? आणि सिनेमा संपल्यावर सगळी गोष्ट तुलाच परत सांगतो का, जशी काही तू तिथे नव्हतीसच? मी फार कंटाळायचे. तुला आवडत असेल. तुझा स्वभाव सोशिक आहे.

इकडे माझी अवस्था काय सांगू! कालच जेवणाच्या सुट्टीत मी पायऱ्यांवर बसले होते, तर डस्टी आपली ताटली घेऊन शेजारी येऊन बसला. मला "आर्कान्सा" म्हणूनच हाक मारतो. "काय आर्कान्सा, पाय दुखतात का?" मी म्हटलं, "तुमचे दुखतात का ते बघा." इतका हसला की दूध नाकात गेलं. अर्धा डोनट मला दिला. जवळून बघितला तर डोळे तपकिरी नाहीत, हिरवट आहेत. मासिकवाल्यांना ठाऊकच नाही.

सध्या आम्ही खाणावळीचं दृश्य करतोय. डस्टी ट्रक चालवणारा असतो आणि नायिका खाणावळीत वाढणारी. तो जूकबॉक्समध्ये नाणं टाकून गाणं लावतो, ती रागाने फडकं फेकून देते आणि काउंटरवर चढून नाचते. साबण लावल्यासारखा गुळगुळीत काउंटर! पुन्हा पुन्हा करून माझ्या गुडघ्यांचा पार भुगा झालाय.

होबार्टला माझा नमस्कार सांग. सांगितलाच पाहिजे असं नाही.

ओपल

•

डनमोर
२ मे १९५७

प्रिय ओपल,

नायिका काउंटरवर नाचते तर गुडघे तुझे का फुटतात, हे काही मला समजलं नाही. पण सिनेमातलं आम्हाला काय कळतंय?

तुझं डोनटचं पत्र आईने पार्लरमध्ये आणून सगळ्यांना वाचून दाखवलं. मी मिसेस पिकेटचं डोकं धूत होते. साबण त्यांच्या डोळ्यात गेला. त्या ओरडल्या तरी माझं लक्ष नव्हतं. त्यानंतर आठवडाभर प्रत्येक बाईने मला एकच विचारलं, "तुला का गं नाही जमलं असं?"

आता माझी बातमी ऐक. होबार्टने मला मागणी घातली आणि मी हो म्हटलं. अंगठीत हिरा आहे, भोवती दोन बारके खडे. हात उजेडात धरला की भिंतीवर ठिपके नाचतात. लग्न नाताळच्या आधी. दुकानामागचं पांढरं घर आम्हाला मिळणार आहे, त्याच्या पुढच्या व्हरांड्यावर आई खुर्ची टाकून बसेल. म्हणजे बघ, इथे राहूनही माणसाला काही ना काही मिळतं.

करवली तूच हवीस. डस्टीने सोडलं तर ये.

आणि हो, पार्लरमधल्या मासिकात आलंय की डस्टी लार्किन जेवतो तो आपल्या खोलीत, दार लावून, एकटा. मासिकवाल्यांना पायऱ्यांची माहिती नसेल.

नदीन

•

हॉलिवूड
१० मे १९५७

प्रिय ताई,

अभिनंदन. पत्र वाचून मी रडले, आनंदाने. इथे माझ्या खोलीत राहणारी मुलगी विचारत होती, "कोण गेलं?"

तू होबार्टला हो का म्हटलंस, हे मी विचारणार नाही. तुला तो आवडतो असं तू पत्रात कुठेच लिहिलेलं नाहीस. हिऱ्याबद्दल लिहिलंस, घराबद्दल लिहिलंस, व्हरांड्याबद्दल लिहिलंस. माझं वाचायचं राहिलं असेल.

सांगणार नव्हते, पण तू मोकळेपणाने लिहिलंस म्हणून मीही लिहिते. अंगठी माझ्याही बोटात आहे. डस्टीने दिली. सध्या गळ्यातल्या साखळीत अडकवून झग्याच्या आत ठेवते, कारण त्याचं लग्न ठरलं हे बाहेर फुटलं तर देशभरातल्या पोरी रडून जीव देतील आणि स्टुडिओ आमचा जीव घेईल. सिनेमा लागेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. ताई, तुला माझी शपथ. आईलासुद्धा सांगू नकोस.

हिरा किती मोठा आहे ते लिहीत नाही. तुला वाईट वाटायला नको.

ओपल

•

डनमोर
२० मे १९५७

प्रिय ओपल,

सुखी राहा.

मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुझी शपथ आहे ना?

होबार्टला तेवढं सांगितलं, कारण नवऱ्यापासून काही लपवू नये म्हणतात, आणि तो तर होणारा नवरा. त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "ओपल खरंच लग्न करणार?" तीनदा विचारलं. मी म्हटलं, "तुझंही ठरलंय, विसरलास का?"

आईची कंबर बरी आहे.

नदीन

•

हॉलिवूड
८ जून १९५७

नदीन,

प्रिय लिहायला हात वळत नाही.

आपल्या डनमोरच्या चार पानी पेपरात, चर्चच्या जेवणाच्या बातमीखाली छापून आलं, "गावच्या कन्येचा डस्टी लार्किनशी गुप्त विवाह ठरला". तो पेपर कुणीतरी इथल्या एका बाईला पाठवला. नटनट्यांची उणीदुणी लिहून ती पोट भरते. तिने ते सगळ्या देशभर केलं. तू कुणाला सांगितलं नाहीस ना? मग डोकं धुताना तुझं तोंड कुठे होतं?

मला स्टुडिओच्या ऑफिसात बोलावलं. मोठ्या टेबलामागे तीन माणसं, आणि खिडकीजवळ डस्टी. त्यांनी विचारलं, "हिला अंगठी दिलीस?" डस्टी माझ्याकडे वळला. ताई, त्याने नीट निरखून बघितलं. आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "माफ करा, मी या मुलीला पूर्वी कधी पाहिलेलं आठवत नाही."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या समोर मी आठवडेच्या आठवडे नाचले, आणि त्याला माझा चेहरा ठाऊक नाही.

अंगठी नव्हती. डोनटही नव्हता. तो माझ्याशी एकदाच बोलला, "बाई, तुमचा पाय माझ्या वायरवर आहे." बस्स. डोळे मात्र हिरवटच आहेत, ते मी खोटं लिहिलेलं नाही.

सिनेमाच्या शेवटी नाचणाऱ्या मुलींची नावं येतात त्यात माझं नाव येणार होतं, ते काढलं. मला त्याच दिवशी फाटकाबाहेर घालवलं. मिस्टर एबल्सननी फक्त खिशातली गोळ्यांची पुडी माझ्या हातात ठेवली.

खूश?

ओपल

•

डनमोर
१९ जून १९५७

ओपल,

हो, मी सांगितलं. मिसेस पिकेटला. त्यांची बहीण पेपरात काम करते हे ठाऊक असताना सांगितलं. आणि तुझ्या अंगठीवर माझा विश्वास बसला होता म्हणून नाही, बसला नव्हता म्हणून सांगितलं. वाटलं, एकदा सगळ्यांना कळूच दे, ही काय काय थापा मारते. गावात हसं व्हावं एवढंच मनात होतं. तुला घालवून देतील हे माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं.

पण आता माझंही ऐक. मी या घरात, या पार्लरमध्ये, तुझ्या नावाखाली दबून मेलेय. जो येतो तो, ओपलचं काय, ओपलचं पत्र आलं का! होबार्ट रोज संध्याकाळी येतो, टोपी काढतो आणि पहिला प्रश्न तोच. माझ्या बोटात त्याची अंगठी, आणि त्याचे कान पोस्टमनकडे. तुझं लग्न ठरल्याचं ऐकून तो जेवला नव्हता, कळलं? आणि ते खोटं होतं म्हटल्यावर शीळ घालत घरी गेला.

तू हजार मैलांवर जाऊनही माझ्या पानातलं उचलतेस. मी काय करायचं होतं?

आईला मी सांगितलंय की काम संपलं म्हणून तू सुटलीस. तिच्यासाठी तरी पत्र टाक.

नदीन

•

डनमोर
५ नोव्हेंबर १९५७

प्रिय ओपल,

माझ्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही. आईला तू पाठवतेस त्या कार्डांवरून पत्ता घेतलाय. हे पत्र फाडण्याआधी शेवटपर्यंत वाच. नंतर फाडलंस तरी चालेल.

तुमचा सिनेमा शुक्रवारी इथे लागला. सगळं गाव लोटलं होतं. निम्मी पोरं डस्टीला बघायला, आणि बाकीचे सगळे तुला, म्हणजे खरं तर तू नाहीस हे बघायला. मिसेस पिकेट पुढच्याच रांगेत. मी, आई आणि होबार्ट मधल्या रांगेत होतो. आईने नवी टोपी घातली होती. मी तिला नको म्हणत होते, ती म्हणाली, "माझी मुलगी आहे त्यात. मागे कुठेतरी का होईना, असेलच."

पहिलं गाणं झालं. तू नव्हतीस. जत्रेतला नाच झाला. त्यात सगळ्या मुलींचे चेहरे दिसले, तू नव्हतीस. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, हिची तर सावलीही नाही!" लोक हसले. होबार्ट माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बघ. पहिल्यापासून सगळंच खोटं. ती तिथे कधी नव्हतीच. खोटारडी आहे ती, आधीपासून." आणि तो इतका खुशीत होता! तुझं लग्न खोटं निघाल्यावर झाला होता, त्याहून जास्त.

खरं सांगते, तोवर मीही खुशीत होते. पोटात गार गार वाटत होतं. वाटलं, आता उद्या पार्लरमध्ये कुणी विचारणार नाही, तुला का नाही जमलं म्हणून.

मग खाणावळ आली. डस्टीने गाणं लावलं, डॉरिन फेने फडकं फेकलं, तिचा रागावलेला चेहरा अख्ख्या पडद्यावर दिसला, आणि ती काउंटरवर चढली. मग कॅमेरा लांब गेला, ती पाठमोरी झाली, पाय सुरू झाले.

ओपल, तू डावीकडे गिरकी घेताना उजवा खांदा कानापर्यंत उचलतेस. त्या खांद्यावर मी किती चापट्या मारल्यात! "खाली घे, खाली घे, लोकांना वाटेल मुंगी चावली." काउंटरवरची ती बाई गिरकी घ्यायला वळली आणि तिचा खांदा वर गेला.

परत चेहरा दाखवला, तो डॉरिनचा. परत लांबून, परत खांदा. चेहरा तिचा, पाय तुझे. टाळी पडली ती कप उडवून पायाने झेलण्यावर, तेही तूच. तिला नुसतं हसायचं होतं. मला एका क्षणात सगळं समजलं, गुडघे का फुटले ते, आणि तुझ्यासमोर उभं राहून डस्टीला तुझं तोंड का आठवेना तेही. त्याच्यासमोर नाचत होती ती डॉरिनच्या केसांसारखा टोप घातलेली बाई. तुझी तेवढी लपवलेली गोष्टच खरी होती, आणि बाकीच्या सगळ्या खोट्या गोष्टी तू मला दाखवायला सजवून पाठवत होतीस. का, ते विचारायचं कारणच नाही. मीही तेच करत होते.

आणि होबार्ट हसत होता.

मी उभी राहिले. मुद्दाम नाही, पायच उभे राहिले. मी ओरडले, "ते पाय माझ्या बहिणीचे आहेत!"

कुणीतरी म्हणालं, "बसा हो बाई!" मी म्हटलं, "नाही बसत! ते पाय ओपल प्रुइटचे आहेत! खांदा बघा तिचा! परत वळेल तेव्हा बघा!" आणि तू वळलीस, आणि तो आगाऊ खांदा गेला वर, आणि आई टोपीसकट उभी राहून म्हणाली, "बाई गं, माझं पोर!" थिएटरचे मालक टॉर्च घेऊन धावत आले. त्यांना वाटलं आग लागली.

होबार्ट माझा हात ओढत होता. "खाली बस, लोक बघताहेत. तुझं काय बिनसलंय? तूच तर तिच्यावर जळतेस!"

मी म्हटलं, "जळते ना. माझ्या बहिणीवर जळायचा हक्क माझा आहे, तुझा नाही." आणि अंगठी काढून त्याच्या मक्याच्या लाह्यांच्या डब्यात टाकली. तो सिनेमा सोडून ती शोधत बसला. पांढरं घर गेलं. आईला व्हरांड्याचं थोडं वाईट वाटतंय.

शनिवारी मिसेस पिकेट पुन्हा सिनेमाला गेल्या, म्हणे नुसता खांदा बघायला. आज पार्लरमध्ये एकीला ड्रायरखाली बसून खांदा उडवताना पाहिलं.

तू सगळ्यात छान नाचलीस. स्पर्धेत मी नाचले होते त्याहून छान. हे लिहिताना मला काय होतंय ते तुला कळेल, म्हणून दुसऱ्यांदा लिहायला लावू नकोस.

तुझी,
ताई

•

लाँग बीच, कॅलिफोर्निया
१४ नोव्हेंबर १९५७

प्रिय ताई,

पत्र फाडलं नाही. दोनदा फाडायला घेतलं.

इथे एका नाचाच्या शाळेत लहान मुलांना शिकवते. मिस्टर एबल्सननी चिठ्ठी दिली होती. पगार बरा आहे, मुलं ऐकत नाहीत. कुणी विचारलं तर काउंटरवर नाचली ती डॉरिन फेच, असंच मला म्हणावं लागतं, कागदावर तसंच लिहून दिलंय. चेहरे दिसत होते त्या सगळ्यांना सिनेमातून कापता आलं असतं, पण माझा चेहरा त्यात नव्हताच, मग मला कापणार कुठून?

होबार्टला सोडलंस ते चांगलं केलंस. माझ्यासाठी सोडलं असशील तर वेडी आहेस. स्वतःसाठी सोडलं असशील तर नाताळला इकडे ये, आईला घेऊन. समुद्र दाखवते. शाळेला मोठ्या मुलींना शिकवायला कुणी हवंय, पण ते नंतर बोलू. तू मला सगळ्यांसमोर चापट्या मारणार नाहीस असं आधी कबूल कर.

तुझ्यावर राग आहे. तो जाईल तेव्हा जाईल.

एक मात्र आत्ताच सांगते. तुझं पत्र मी आमच्या शाळेच्या पायऱ्यांवर बसून वाचलं आणि माझा नुसता जळफळाट झाला. मी त्या काउंटरवर गुडघे फोडून घेतले, महिनोन्महिने, दिव्यांच्या उजेडात, आणि एका माणसाने माझ्याकडे बघितलं नाही. आणि तू अंधारात नुसती उभी राहिलीस, तर डस्टी लार्किन पडद्यावर गात असताना अख्खं गाव मान वळवून तुझ्याकडे बघत होतं.

तुझी,
ओपल